माशीविना मेण

रिअ‍ॅक्टरला वाकळ गुंडाळलेली मी उभ्या आयुष्यात एकदाच बघितली. कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये, सकाळी कामावर आल्या आल्या. चांगली निळ्या-लाल ठिगळांची, वापरून मऊ झालेली घरची वाकळ, वरून सुतळीने आवळलेली. शेजारी स्टुलावर आमचा ऑपरेटर सिद्राम बसला होता, तोंडावर बोट ठेवून.

"हळू बोला मॅडम," तो म्हणाला. "लागाय लागलंय."

"काय लागायला लागलंय?"

"इरजाण."

मी कान दिला. शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता. ढवळायची मोटर बंद होती. व्हॅक्यूम पंप बंद होता.

"सिद्राम, मोटर कुणी बंद केली?"

"म्या." छाती पुढे काढून तो म्हणाला. "तुमी गेल्यावर लगीच. अण्णांनी सांगितलं न्हवं का, ह्ये इरजाण हाय म्हणून? इरजाण लावल्यावर कोण हलवतंय व्हय? आमची म्हातारी तर दुधाच्या भांड्याजवळनं जोरात चालूबी देत न्हाई."

"आणि पंप?"

"तो नुसता बोंबलतोय की. झाकण गच्च लावलं. वारं लागलं की दही पानचट हुतंय."

मी डोक्याला हात लावला. राग कुणावर काढायचा हेच कळेना. या माणसाने घरची वाकळ आणली होती, स्वतःची. माझ्या बॅचला थंडी वाजू नये म्हणून.

मी मूळची वेंगुर्ल्याची. लग्न होऊन सांगलीला आले आणि भूपाल मगदूम यांच्या मेणाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. कारखाना म्हणजे एक शेड, एक बॉयलर, दोन रिअ‍ॅक्टर आणि पॅकिंगला बसणाऱ्या चार बायका. आम्ही कुंकवाचं मेण करायचो. कपाळावर आधी मेणाचं बोट, त्यावर पिंजर, असं कुंकू लावणाऱ्या बायका तेव्हा आमच्या भागात पुष्कळ होत्या आणि गावोगावच्या कुंकूवाल्यांकडे आमच्या डब्या जायच्या. ते मेण आम्ही तेलातलं आम्ल आणि फॅटी अल्कोहोल एकत्र करून बनवायचो, टोल्युइन नावाच्या सॉल्व्हंटमध्ये, वरून जळजळीत अ‍ॅसिड टाकून, भरपूर तापवून. मेण व्हायचं, पण चहासारख्या रंगाचं. मग ते धुवा, पुसा, पांढरं करा. एवढं करूनही वास काही केल्या जायचा नाही. डब्या परत येऊ लागल्या होत्या. कुणाच्या कपाळाला खाज सुटली, कुणाला पुरळ आलं.

आणि तो वास माझ्याबरोबर घरी यायचा. केसांत, ओढणीत, नखांत. माझी लेक तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. मी घरात शिरले की ती धावत यायची, अर्ध्यात थांबायची आणि नाक मुरडून म्हणायची, "आधी आंघो." शिकेकाई लावून, लिंबू चोळून मी बाहेर येईपर्यंत ती आजीच्या मांडीवर झोपलेली असायची. मला तो सॉल्व्हंट त्या शेडमधून हाकलायचाच होता. कारखान्याच्या भल्यासाठी वगैरे नंतर, आधी माझ्यासाठी.

मार्ग मी वाचून काढला होता. एन्झाइम वापरायचं. खसखशीएवढ्या दाण्यांवर बसवलेलं एन्झाइम मिळतं. आम्ल आणि अल्कोहोल नुसतं वितळेपर्यंत गरम करायचं, त्यात हे दाणे टाकायचे, हलक्या हाताने ढवळत राहायचं. सॉल्व्हंट नाही, अ‍ॅसिड नाही. वितळलेला मालच एकमेकांत विरघळतो, वेगळं काही ओतावं लागत नाही. भूपालअण्णांच्या मी इतकी मागे लागले की त्यांनी परदेशातून एक बरणी मागवली, पण अटीवर. दामले म्हणून पुण्याचे एक गृहस्थ सॉल्व्हंट परत गोळा करणारं मोठं बंदिस्त यंत्र विकत होते. ते सोमवारी सही घ्यायला येणार होते. "सोमवारच्या आत तुमचं एन्झाइम चालवून दाखवा," अण्णा म्हणाले होते. "नाहीतर दामलेंचं यंत्र. मग बरीच वर्षं तेच."

आणि आता शुक्रवार उजाडला होता आणि माझी बॅच वाकळ पांघरून झोपली होती.

एवढ्यात अण्णाच आले. पन्नाशीचे, गोरे, कपाळाला चंदनाचा टिळा. पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेक झाल्याशिवाय ते चहासुद्धा घ्यायचे नाहीत. वाकळ बघून ते जागीच थबकले.

"मॅडम, ही काय भानगड?"

"तुमचं विरजण," मी म्हणाले.

त्यांना आधी कळेना. मग कळलं आणि ते ओशाळले. मी सगळ्यांना एन्झाइम समजावून सांगत होते तेव्हा माणसांचे चेहरे कोरे बघून अण्णांनीच मध्ये तोंड घातलं होतं, "अरे, विरजण असतंय बघा, तसलंच हे." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. शब्द गोड होता आणि सोपा होता. फक्त लागू पडत नव्हता.

"बिघडलं का हो सगळं?" अण्णांनी विचारलं.

"बघू. वाकळ सोडा आधी."

सिद्रामने सुतळी सोडली. तो आता हिरमुसला होता. मी त्याला जवळ बोलावलं.

"हे बघ सिद्राम. हे एन्झाइम शिंप्यासारखं आहे. आम्ल आणि अल्कोहोल शिवून त्याचं मेण करतं. प्रत्येक टाक्याला थोडं पाणी सुटतं. ते पाणी पंप ओढून नेतो म्हणून ते पुढचा टाका घालतं. पाणी तिथंच साठलं, की हाच शिंपी शिवलेलं उसवायला बसतो. आणि ढवळलं नाही तर कापड त्याच्या हाताला लागणार कसं?"

"म्हंजे रातभर हा उसवत बसलाय व्हय?"

"थोडं शिवलं असेल, मग अडकला असेल."

"मग तुमी आधीच शिंपी म्हणायचं न्हाई का!" सिद्राम अण्णांकडे बघून म्हणाला. अण्णा दुसरीकडे बघू लागले.

बरं होतं ते एवढंच की एन्झाइम मेलं नव्हतं. फार तापवलं तर ते मरतं, जोरात ढवळलं तर दाणे भरडतात. वाकळीने यातलं काहीच केलं नव्हतं. मी मोटर सावकाश सुरू केली. पंप लावला. काचेच्या खिडकीतून बघत राहिले. आधी काहीच नाही. मग तळाकडून बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले. साठलेलं पाणी निघालं होतं. मी नमुना काढून तपासायची, किती आम्ल उरलंय ते बघायची, परत यायची, परत काढायची. आकडा उतरत होता. जेवणाची सुट्टी झाली, मी डबा उघडला नाही. अण्णा दारात येऊन नुसते उभे राहायचे आणि मी मान हलवली की परत जायचे.

उन्हं कलू लागली तेव्हा आकडा जवळजवळ शून्याला टेकला. आम्ही खालचा नळ सोडला. बारीक जाळीतून मेण खाली ट्रेमध्ये आलं. दाणे जाळीवर राहिले, टाकले तसेच्या तसे. ट्रेमधलं मेण आधी पाण्यासारखं नितळ होतं आणि मग कडेकडेने गोठत गेलं. पांढरंशुभ्र. धुतलं नव्हतं, पुसलं नव्हतं, तरी पांढरं.

मी एक तुकडा मोडला आणि नाकाशी धरला. मग सिद्रामच्या नाकाशी, अण्णांच्या नाकाशी, पॅकिंगच्या चारी बायकांच्या नाकांशी. सगळ्यांनी हुंगलं.

"कसला वास येतो?" मी विचारलं.

"कसलाच न्हाई," त्या म्हणाल्या.

"परत घ्या."

"न्हाईच की ओ मॅडम!"

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. माझ्या हातून काहीतरी झालं होतं आणि त्याला कसलाच वास नव्हता! त्या दिवशी मी घरी जाताना मुद्दाम चालत गेले. भेटेल त्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? "मेणाला वास येत नाही हो," एवढंच? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

शनिवारी सकाळी अण्णा आले ते तोंड पाडून.

"मॅडम, जमत नाही. आक्का नको म्हणते."

आक्का म्हणजे अण्णांची आई. कारखान्यात ती कधी पाऊल टाकायची नाही, पण कारखाना तिच्यापायी निघाला होता. मगदूम घराणं जैन. पूर्वी आक्काही इतर बायकांसारखं मधमाशीचं मेण लावायची. मग बाहुबली तीर्थावर एका चातुर्मासात तिने नियम घेतला, मध सोडला आणि पोळं पिळून काढलेलं मेणही सोडलं. पोळं पिळताना अंडी-पिल्लांसकट जीव चिरडतात. तेव्हापासून तिचं कुंकू दुपारपर्यंत नाकावर ओघळायचं. रॉकेलच्या भावंडाचं, म्हणजे पॅराफिनचं, मेण कपाळावर टिकायचं नाही आणि आमचं टोल्युइनचं मेण तिने एकदाच हुंगून बाजूला सारलं होतं. मुलाने तेलाचा धंदा सोडून हा उद्योग काढला तो आईला माशीविना मेण मिळावं म्हणून. आणि अजून तिला ते मिळालं नव्हतं. नियमात बसत नाही म्हणून तिने नाकारलेली वस्तू मगदूम विकणार नाहीत, हे कारखान्यात प्रत्येकाला ठाऊक होतं.

"का नको?" मी विचारलं. "वास येतो?"

"वास नाही. रंग आवडला. हातात घेऊन बसली होती. मग विचारलं, कसं केलं? मी सांगितलं..." ते थांबले.

"विरजण."

"दुसरं काय सांगणार मॅडम? मला तरी कुठं कळतंय!"

"मग विरजणात वाईट काय आहे?"

"आमच्यात आहे," अण्णा म्हणाले. "तुम्ही एकदा येऊन बघा."

दुपारी मी गेले. मगदुमांचं घर नवं होतं, फरशी चकचकीत, पण स्वयंपाकघराला बाहेरच्या माणसाने शिवायचं नाही. आक्काने मला उंबऱ्याबाहेर पाट दिला. ठेंगणी, सुरकुतलेली बाई, नऊवारी, ताठ कणा. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "ती मेणवाली तूच व्हय?"

"मीच."

"बस की. एवढं दूध हुंदे."

कोमट दुधाचं पातेलं तिच्यासमोर होतं. मला वाटलं आता वाटीतून विरजण काढेल. पण तिने फडताळातून एक रुप्याचं नाणं काढलं, गरम पाण्याने स्वच्छ धुतलं आणि अलगद दुधात सोडलं. वर झाकण ठेवलं.

"हे काय आक्का?"

"दही लावतीय."

"नाण्याने?"

"मग कशानं? कालचं दही आम्हाला चालत न्हाई, मर्यादा उलटली की त्यात जीव पडत्यात. तेच शिळं आज घाला, उद्या घाला, म्हंजे जीवच घातलं की दुधात. आमच्या सासूबाईंपासनं हेच नाणं हाय."

"आणि दही लागल्यावर नाण्याचं काय?"

"काढायचं, धुवायचं, ठेवायचं. उद्या परत."

"झिजतं का?"

"रुपं कुठं झिजतंय?"

नाण्याने दही का लागतं याबद्दल एक केमिस्ट म्हणून माझी वेगळी मतं होती. ती मी गिळली. मला एवढंच दिसत होतं की मला हवा तो शब्द या बाईच्या दुधाच्या पातेल्यात पडलेला आहे.

पर्समध्ये दाण्यांची लहान बाटली होती. मी ती उंबऱ्यावर ठेवली.

"आक्का, तुमच्या लेकाने तुम्हाला चुकीचं सांगितलं. हे विरजण नाही. हे नाणं आहे."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"हे दाणे मेणात टाकायचे, काम झालं की चाळून काढायचे, परत टाकायचे. हे वाढत नाहीत, यांना पिल्लं होत नाहीत, खात नाहीत, पीत नाहीत. यांत जीव नाही. आणि टाकले तेवढेच निघतात."

"आन् बाकी काय घालतीस?"

"पामतेलातलं आम्ल. आणि त्याच तेलापासून केलेलं अल्कोहोल."

"दारू?" आक्काचा हात झाकणावरच राहिला.

"नाही हो! नावाचा सारखेपणा आहे नुसता. पांढरं, मेणचट ढेकूळ असतं. कुणाला चढायचं नाही."

ती हसली. तिला पुढचे दोन दात नव्हते. बाटली उचलून तिने उजेडात धरली, हलवली, दाणे कसे घरंगळतात ते बघितलं. मग म्हणाली, "लावून बघते. पर हितं पंख्याखाली न्हाई. तुमच्या त्या शेडात येते. वैशाखाचं ऊन, वर तुमचा बॉयलर. तिथं टिकलं तर खरं."

"सोमवारी या," मी म्हणाले. जीभ चावली, पण शब्द गेला होता. सोमवारी दामले येणार होते.

सोमवारी सकाळी आक्का आली. बरोबर स्वतःची पाण्याची कळशी, स्वतःची चटई. शेडच्या दारात ती क्षणभर थांबली, नाक वर करून वास घेतला आणि आत आली. बॉयलरपासून चार हातांवर चटई टाकायला लावली. अण्णा म्हणाले, "आक्का, जरा लांब बस." ती म्हणाली, "तू तुझं काम बघ."

मेण नुसतं फार टणक होतं, म्हणून मी त्यात थोडं एरंडेल घालून बोटाला येईल असं करून डबीत भरलं होतं. तिने डबी घेतली. करंगळीच्या शेजारच्या बोटावर मेण घेतलं, चिमटीत मळून मऊ केलं आणि कपाळावर गोल फिरवलं. आरसा नाही, काही नाही. मग पिंजर टेकवली. नाकावर सांडलेली भुकटी झटकली. आणि कपाळाच्या मधोमध लालभडक, आखीव वर्तुळ उभं राहिलं. वर्षानुवर्षांची सवय होती ती. मी डोळे भरून बघत राहिले.

थोड्या वेळाने दामले आले. भला माणूस, पांढरा शर्ट, हातात फाइल. अण्णांनी त्यांना ऑफिसात बसवलं आणि सांगितलं, "थोडं थांबा, आमची एक तपासणी चाललीय." दामलेंनी काचेतून बघितलं. त्यांना बॉयलरजवळ चटईवर बसलेली एक म्हातारी दिसली. कसली तपासणी ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

दुपार चढली. पत्रे तापून कडकडू लागले. सिद्राम दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून आक्काच्या समोरून जायचा, कपाळाकडे बघायचा आणि माझ्याकडे येऊन हळूच सांगायचा, "हाय. हाय अजून." पॅकिंगच्या बायका एकेक करून पाणी प्यायच्या निमित्ताने येऊन गेल्या. घाम आक्काच्या केसांतून निघायचा, कपाळावर उतरायचा, वर्तुळापाशी आला की दोन्हीकडून वळसा घालून भुवयांवर जायचा. वर्तुळ हललं नाही. कडासुद्धा विसकटल्या नाहीत. माझे मात्र दोन रुमाल ओले झाले होते.

दिवस मावळायच्या आत तिचं जेवण व्हायला हवं, म्हणून उन्हं उतरताना अण्णा आत आले.

"आक्का, चल. टिकलं की नाही? सांग आता."

"टिकलं," ती म्हणाली. "खाजबी न्हाई. मला तर लावल्याचं ध्यानातच न्हवतं."

सिद्रामने टाळीच वाजवली. मी जिंकले होते. दामले ऑफिसात घड्याळ बघत होते, अण्णा हसत होते आणि मला वाटलं, संपलं, झालं.

आक्का उठली नाही. तिने मला बोटाने जवळ बोलावलं.

"ते तुझं नाणं."

"हो."

"माझं नाणं टाकसाळीत पाडलेलं हाय. तुझं कुणी पाडलं?"

अण्णांचं हसू थांबलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. या प्रश्नाला सोपं उत्तर होतं. "परदेशात, कारखान्यात," एवढं सांगितलं असतं तर ते खरंच होतं आणि ती समाधानाने घरी गेली असती. जिभेवर आलंही होतं. पण ती बाई सबंध दिवस त्या भट्टीत बसली होती, तिच्या नियमासाठी. आणि उंबऱ्यावर मी तिला "यांत जीव नाही" म्हणाले होते ते खरं असलं तरी पुरतं खरं नव्हतं.

"आक्का," मी म्हणाले, "दाण्यांत जीव नाही. पण दाण्यांवर जे बसवलंय, ते एका बुरशीकडून करून घेतात. मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवतात. ती ते एन्झाइम बाहेर टाकते. मग ते गाळून घेतात. आणि बुरशी मरते. मारतातच."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता त्यांनी माझं तोंडच दाबलं असतं. सिद्राम जमिनीकडे बघत होता.

"डोळ्याला दिसती का ती?" आक्काने विचारलं.

"एकेकटी नाही दिसत."

"हितं मरती का?"

"इथे नाही. तिकडे. एकदाच. ते दाणे मग आपण कित्येक वेळा वापरतो."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हात कपाळाकडे नेला. पुसणार. दिवसभर टिकलेलं आता पुसून टाकणार आणि माझं सगळं त्या पदराबरोबर जाणार. मी डोळे मिटून घेतले नाहीत, हे मी आजही स्वतःच्या बाजूने धरते.

पदर वर्तुळाच्या एका बाजूने फिरला. मग दुसऱ्या बाजूने. भुवयांवरचा घाम टिपला, केसांखालचा टिपला. कुंकवाला धक्का न लावता.

"आमचा बाप नांगर धरायचा," ती म्हणाली. "फाळाखाली गांडुळं मरायची. त्याला ठावं हुतं. म्हणून शेती सोडली व्हय त्यानं? पोटासाठी करताना जे मरतंय त्याचं प्रतिक्रमण करता येतंय, माफी मागता येती. पोळं पिळणं येगळं. ते कपाळाच्या हौसंसाठी, ठरवून, हजारानं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लपवलं असतंस तर मात्र कपाळाला राहू दिलं नसतं."

"म्हणजे आक्का..." अण्णा पुढे आले.

"म्हंजे त्या पुण्याच्या पावण्याला च्या पाज आन् गाडीला बसव. लांबनं आलाय बिचारा."

तिने हात पुढे केला. मी तिला उठवलं. डबी मागावी की न मागावी या विचारात मी होते, तोवर तिने ती कमरेला खोचलीसुद्धा होती.

"तुझं नाव काय गं?"

इतक्या दिवसांत कुणी मला कारखान्यात नावाने हाक मारली नव्हती. मी सांगितलं, "ज्योत्स्ना."

ते तिच्या जिभेवर बसेना. दोनदा घोळवून बघितलं आणि शेवटी स्वतःच्या सोयीचं करून घेतलं. शेडच्या दाराशी पॅकिंगच्या बायका घोळका करून उभ्या होत्या. एकीने विचारलं, "आक्का, एवढ्या घामात कुंकू कसं काय राहिलं ओ?"

"जोसनानं मेण केलंय," आक्का म्हणाली. अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात. "माशी न मारता. आन् इचारलं तर खरं सांगती."

त्या चारी बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. अण्णाही बघत होते, ऑफिसच्या दारातून दामलेही. मला खूप अभिमान वाटला, इतका की तो कुठे ठेवू कळेना. मी नुसती उभी राहिले, सरळ, दोन्ही हात बाजूला सोडून. आक्काची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तशीच.

"मॅडम," सिद्राम शेजारी येऊन काळजीने म्हणाला, "मान आखडली काय ओ?"